विद्यापीठप्रवेशाचा विधि

पदवीदान-समारंभ म्हणजे काय हें आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांस सांगावयास नको. झगा, पदवीचा कागद आणि त्या वेषांत काढलेलें छायाचित्र यांना अनेक घरांच्या दिवाणखान्यांत मानाची जागा मिळालेली आहे. परंतु विद्यार्थी विद्यापीठांत शिरला त्या दिवशीं काय झालें, असें विचारल्यास बहुतेकांना फी भरण्याची खिडकी व तिच्यापुढील रांग एवढेंच आठवेल. निरोपाचा एवढा थाट आणि स्वागताची अशी उपेक्षा, हा प्रकार कोठून आला हें पाहण्यासारखें आहे.

आपल्या प्राचीन अध्ययनपरंपरेंत वर्षारंभाचा स्वतंत्र विधि होता. त्यास उपाकर्म म्हणत. श्रावणी या नांवानें तो आजहि कांहीं घरांत होतो, पण जानवें बदलण्यापलीकडे त्याचा अर्थ फारसा उरलेला नाहीं. गृह्यसूत्रें पाहतां तो वेदाध्ययनाच्या सत्राचा प्रारंभ होता असें स्पष्ट दिसतें. पावसानें वनस्पति उगवून आल्या म्हणजे तो करावा, असें सूत्रकार सांगतात. मनुस्मृतींत श्रावणी व भाद्रपदी अशा दोन्ही पौर्णिमांची मुभा असून, तेथून साडेचार महिने नेटानें अध्ययन करावें असें म्हटलें आहे. गुरूनें शिष्यांसह होम करावा, दहीं व सातू भक्षण करावे, आणि पुढें तीन दिवस अनध्याय पाळावा. या विद्येचें दार फार थोड्यांस उघडें होतें, स्त्रियांस व शूद्रांस तें बंदच होतें, हें विसरून चालणार नाहीं. पण ज्यांस तें उघडें होतें त्यांचें वर्ष गुरूच्या सहवासांत सुरू होई, आणि त्याचा मुहूर्त ऋतु पाहून ठरे.

युरोपांतहि विद्यापीठप्रवेशाला दोन बाजू होत्या. एक संस्थेची. आपल्या परिचयाचा मॅट्रिक हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ नांवांची यादी असा आहे. त्या यादींत नांव चढलें कीं तो मुलगा विद्यापीठाचा घटक होई व त्याच्या संरक्षणास पात्र ठरे. दुसरी बाजू जुन्या विद्यार्थ्यांची. पॅरिस येथें नवख्यास ‘पिवळ्या चोचीचा’ म्हणत व त्याच्याकडून मेजवानी उकळीत. जर्मन विद्यापीठांत त्याला शिंगें लावून तीं कापण्याचें व दांत उपटण्याचें सोंग करीत, आणि शेवटीं मीठ व मद्य यांचा प्रयोग करून त्यास आपल्यांत घेत. रानांतला पशु आज माणूस झाला, असा त्या सोंगाचा भावार्थ. थट्टेचा छळ होण्यास वेळ लागत नसे. म्हणून अधिकाऱ्यांना निर्बंध घालावे लागले, आणि अठराव्या शतकांत ही चाल बहुतेक बंद पडली.

१८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें निघालीं तीं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकविणें हें कॉलेजांचें काम, परीक्षा घेणें हें विद्यापीठाचें. १८५९ सालीं मुंबईची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते. येथें मॅट्रिक या शब्दाचा अर्थच पालटला. यादींत नांव घेण्याच्या प्रसंगाची चाळणी झाली. जी संस्था विद्यार्थ्यास परीक्षेपुरतीच भेटते तिला स्वागताची आठवण कोठून राहणार? तिचा उत्सव एकच, पदवीदानाचा.

मध्यप्रांतांत तर विद्यापीठ डोळ्यांनीं दिसणेंहि दुर्घट होतें. नागपूरचीं हिस्लॉप व मॉरिस हीं अनुक्रमें १८८३ व १८८५ सालचीं कॉलेजें आधीं कलकत्त्यास, मागाहून अलाहाबादेस जोडलेलीं होतीं. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. कुरखेडा तेव्हां चांदा जिल्ह्यांत होता. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला, आणि २०११ सालीं चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांकरितां गोंडवाना विद्यापीठ निघालें. म्हणजे कलकत्त्याहून अलाहाबाद, तेथून नागपूर असा प्रवास करीत विद्यापीठ अखेर गडचिरोलीस आलें. सती नदीकाठच्या कुरखेड्यांत आज श्री गोविंदराव मुनघाटे महाविद्यालय आहे.

विद्यापीठ जवळ आलें, पण विद्यार्थी विद्यापीठाच्या जवळ आला काय? या मुलखांत महाविद्यालयाची पायरी चढणारी कित्येक मुलें आपल्या घरांतील पहिलींच असतात. रानांतून आलेल्या मुलास पशु समजणारें तें जर्मन सोंग येथें नुसत्या हसण्यानेंहि वठवितां येतें. भाषेचा हेल तेवढा पुरतो. १९९९ सालीं महाराष्ट्रानें रॅगिंगविरुद्ध कायदा केला तो योग्यच होता. पण छळ थांबविणें म्हणजे स्वागत करणें नव्हे. २०१९ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें ‘दीक्षारंभ’ या नांवानें नवागतांच्या स्वागताची रूपरेषा प्रसिद्ध केली. गेलेल्या वस्तूची ती उशिरां झालेली आठवण म्हणावयास हरकत नाहीं. आणि अशा स्वागताचा धडा शोधण्यास फार लांब जावयास नको. बस्तरच्या मुरियांच्या गोटुलांत नव्यानें आलेल्यास नवें नांव मिळतें, व वडीलधाऱ्या मुलामुलींकडून तो रीत शिकतो, असें व्हेरिअर एल्विन यांनीं १९४७ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. यादींत नांव आणि थोरांचा हात, या दोन्ही गोष्टी तेथें एकत्र आहेत.

एक अडचण मात्र खास या प्रदेशाची आहे. हा धानाचा मुलूख. महाविद्यालयाचें वर्ष सुरू होतें त्याच सुमारास बांधींत रोवणी चालू असते, आणि नदीनाले भरले म्हणजे वाटा तुटतात. ठरल्या तारखेस सभागृह भरतें, भाषणें होतात, हार पडतात; आणि ज्याच्याकरितां तो खटाटोप तो मुलगा चिखलांत रोप लावीत असतो. तो पंधरा दिवसांनीं येतो तेव्हां त्याच्या वाट्यास पुन्हां ती खिडकीच येते. सूत्रकारांनीं वनस्पति उगवण्याची वाट पाहिली व दुसऱ्या पौर्णिमेची सोय ठेवली. आपणहि रोवणी संपल्यावरची एक तारीख राखून ठेवावी, आणि त्या दिवशीं उशिरां आलेल्या प्रत्येकाचें नांव प्राध्यापकांनीं स्वतः वाचून त्यास आंत घ्यावें. प्रवेश घेणाऱ्यांपैकीं सर्वच पदवीदानापर्यंत पोंचत नाहींत. ज्यांच्या नशिबीं तो झगा नाहीं, त्यांना विद्यापीठ भेटावयाचें तें या उंबरठ्यावरच.