बसस्थानकाखालचे तळे

सिटी स्टेशनातून बाहेर पडले की समोर मॅजेस्टिकचे बसस्थानक. आपल्यापैकी अनेकांनी बंगळुरातली पहिली बस तेथूनच पकडली असेल. त्या जागी पूर्वी धर्मांबुधी नावाचे तळे होते आणि पेठेतली माणसे त्याचे पाणी पीत.

शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हा हे गाव म्हणजे कोट, पेठ आणि भोवतालची तळी. जवळ मोठी नदी नाही. पावसाचे पाणी अडवायचे, एका तळ्याचा सांडवा पुढच्या तळ्यात सोडायचा. उतार पाहून बांधलेली ही साखळी आजच्या सर्व्हेवाल्यालाही मान डोलवायला लावील. मात्र ज्या उताराने पाऊस तळ्यात येतो, त्याच उताराने वस्तीचे सांडपाणीही येते. गाव लहान होते तोवर हे निभावले.

१८७५ ते १८७७ च्या दुष्काळाने सर्वांचे डोळे उघडले. १८८२ मध्ये सँकी टँक बांधले गेले. पुढे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात अर्कावती नदीवरील हेसरघट्ट तलावाचे पाणी आणायचे ठरले आणि १८९६ मध्ये ते नळाने शहरात आले. वाटेत सोलदेवनहळ्ळीला वाफेचे पंप होते. (तुमकूर लाइनवर काम केलेल्यांना हे स्टेशन ठाऊक आहे.) नंतर मल्लेश्वरमला ज्युएल फिल्टर बसले. पाण्यात तुरटी घालायची, गाळाच्या गुठळ्या होऊ द्यायच्या, मग ते वाळूच्या थरातून सोडायचे. वाळू तुंबली की उलट्या दिशेने पाणी सोडून धुवायची. पद्धत साधी, पण वाळू धुण्यात कुचराई झाली की सगळे व्यर्थ. आम्हा रेल्वेवाल्यांना हे पटकन कळते. जड पाणी घातले की वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये पापुद्रे धरत.

घरात नळ आला आणि तळ्याकडे कोणी पाहीनासे झाले. धर्मांबुधी आटले, संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम उभे राहिले. उरलेल्या हलसूर आणि सँकी तळ्यांवर आपण गणपती विसर्जनाला जातो. तेथे मूर्तींसाठी वेगळी कल्याणी बांधावी लागली, यावरून काय ते समजावे.

हेसरघट्टही पुरेना, तेव्हा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांच्या समितीच्या शिफारशीवरून अर्कावतीवरच खाली तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले, १९३३ मध्ये. पण नदीच्या वरच्या अंगाला वस्ती वाढली, कारखाने आले, त्यांचे सांडपाणी पात्रात उतरू लागले. २०१२ च्या सुमारास तेथून पिण्याचे पाणी घेणे थांबले. म्हणजे धर्मांबुधीचे झाले तेच, फक्त कोसभर अंतराऐवजी पूर्ण खोऱ्यात.

कावेरीचे पाणी १९७४ मध्ये आले. ते सुमारे १०० किलोमीटरवरून येते आणि जवळजवळ ५०० मीटर उंच चढवावे लागते. पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, दिवसाला ७७.५ कोटी लिटरचा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आपल्यापैकी कितीजणांच्या सोसायटीत टँकर येत होते, आणि ते पाणी कोणत्या बोअरचे हे टँकरवाल्याला किती जणांनी विचारले?