घोंगडीची खोळ

परवा भर पावसात नाणेघाटात गेलो होतो. तिथल्या लेण्यात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच उरलंय. राजाच्या डोक्यावर काय होतं, कळायला मार्ग नाही! बाहेर गुरं राखत एक आजोबा उभे होते. त्यांच्या डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ.

ही खोळ मूळची घोंगडीची. घोंगडी उभी दुमडायची, एका टोकाला डोकं मावेल असा खोपा करायचा, उरलेली पाठीवर सोडायची. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, नाणेघाटापासून आहुपे-भीमाशंकरापर्यंत महादेव कोळी आणि ठाकरांचे पावसाळे या खोळीत गेले. भाताच्या आवणीला दोन्ही हात चिखलात, छत्री धरणार कोण?

गंमत म्हणजे ही लोकर तिथली नव्हेच. दख्खनी मेंढीला तो पाऊस सोसत नाही, चिखलात खूर सडतात. पूर्वेच्या कोरड्या माळांवर धनगरांनी मेंढ्या राखायच्या, सणगरांनी मागावर विणायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, आणि ती घोंगडी बाजारातून डोंगरात चढायची. म्हणजे दुष्काळी मुलखाने अतिवृष्टीच्या मुलखाचं डोकं झाकलं म्हणा ना! लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा शोषूनही हाताला फारशी ओली लागत नाही. भिजली तरी ऊब टिकते, हे मेणकापडाला कुठून जमणार?

पगडी, पागोटं, मुंडासं यांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. पगड्या तर संग्रहालयात काचेमागे मांडलेल्या असतात. खोळ कशी मांडणार? उलगडली की नुसती घोंगडी, रात्रीचं पांघरूण. ती असते फक्त घडी घालणाऱ्याच्या हातात. आमच्या आजोबांची घोंगडी कपाटात आहे, पण खोळ घालणारं घरात कुणी उरलं नाही. लहानपणी शंभरदा पाहिली, शिकलो एकदाही नाही.

आजोबांना विचारलं. त्यांनी पोतं काढलं, तळाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला, झालं. मी केली ती नाकावर घसरली. ते हसले.

"घोंगडीची येगळी असती. पर घोंगडी कुठं ऱ्हायली आता?"

म्हटलं, माझ्याकडे आहे.

"मंग घेऊन या, दावतो."

येत्या रविवारी निघतोय. पाऊस आहे तोवर.