मेण जाते, सूत राहते

दिवाळीच्या आगेमागे जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीन-मक्याचे ढीग लागतात. आभाळ भरून आले की जो तो ताडपत्री शोधायला धावतो. आता ती बहुतेक प्लॅस्टिकची असते, निळी नाहीतर काळी. पण एखाद्या जुन्या ट्रकच्या टपावर अजून सुती ताडपत्री दिसते: हिरवट खाकी, हाताला जड, उन्हात तापली की मेणाचा वास सोडणारी. शहरांतल्या दुकानांत मोठ्या किमतीला मिळणाऱ्या मेणकापडी पिशव्या आणि पावसाळी जॅकेटे तिच्याच भाऊबंदांतली. घेणारा एकच प्रश्न विचारतो, किती वर्षे टिकेल? त्याचे उत्तर या कापडाच्या कुळात सापडते.

आधी शब्द पाहू. संस्कृतात ‘मदन’ या शब्दाचा एक अर्थ मधमाशीचे मेण असा आहे. त्याचे प्राकृतात ‘मयण’ झाले आणि मराठीत ‘मेण’. मेणकापड बहुतेक मराठी घरांना ठाऊक आहे ते तान्ह्या बाळाच्या दुपट्याखाली अंथरायचे म्हणून. पण एकोणिसाव्या शतकात बंगी डाकेने, म्हणजे कावडीवरून, जाणारी पार्सलेही पावसापासून जपायला मेणकापडात गुंडाळत. ताडपत्रीचा मात्र ताडाशी संबंध नावापुरताच. इंग्रजी ‘टारपॉलिन’ म्हणजे डांबर फासलेले आच्छादन. हिंदीत त्याचे तिरपाल झाले. मराठी कानाने त्यात ओळखीचे ताडपत्र ऐकले असावे.

हे कापड येण्याआधी इथला शेतकरी पावसात घोंगडी पांघरत होता, नाहीतर पोत्याची खोळ डोक्यावर घेत होता. मेंढीच्या लोकरीला अंगचाच स्निग्धपणा असतो, त्यावर चिंचोक्याची खळ बसली की घोंगडी आणखी दाट होते आणि पाणी आत यायला वेळ लागतो. कापूस याच्या अगदी उलट, तो पाणी पितो. म्हणून काळ्या रानात कापूस पिकवणाऱ्या या मुलखाने पावसात पांघरली ती लोकर. सुती कापडाने पाऊस अडवायचा तर त्याला कुणाची तरी सोबत हवी होती.

ती सोबत सापडली समुद्रावर. ओले शीड वारा अधिक धरते, हे खलाशांना अनुभवाने कळले होते. पण ओले शीड जडही होते. म्हणून ते शिडाला तेल-चरबी चोळू लागले आणि फाटलेल्या शिडाचे तुकडे स्वतःच्या अंगावर घेऊ लागले. स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ गावी १७९५ साली सुरू झालेल्या वेबस्टर यांच्या कारखान्याने पुढे तागासारख्या फ्लॅक्सच्या कापडाला जवसाचे तेल पाजून शिडाचे कापड केले. फ्लॅक्स म्हणजे जवसाचेच झाड. ज्याच्या बियांची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच झाडाचे सूत आणि त्यावर त्याचेच तेल.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. तिथेच त्याचा दोष आहे. हे घट्ट होणे वर्षानुवर्षे चालूच राहते. कापड पिवळे पडते, थंडीत ताठरते आणि घडीवर तडकते. तेलाच्या चिंध्यांचा ढीग केला तर आतल्या आत तापून पेटूही शकतो. पुढे फ्लॅक्सच्या जागी हलके कापसाचे सूत आले आणि १९३० च्या दशकात तेलाच्या जागी पॅराफिनचे मेण. सुतावर आधी तांबे आणि अमोनियाची प्रक्रिया करत, त्याने कापडाला हिरवट छटा येई. साउथ शील्ड्स बंदरात १८९४ पासून खलाशांना आणि गोदी कामगारांना कपडे पुरवणारे बार्बर आणि १९२४ सालचे बेलस्टाफ या कंपन्यांनी हे कापड बोटीवरून शेतात आणि मोटारसायकलवर आणले.

ते तांबे जालन्याच्या मोसंबी बागायतदाराला परके नाही. खोडाला डिंक्या लागू नये म्हणून तो मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतो. तिथे बुरशीला आवरणारे तांबेच कापडातही बुरशीला अटकाव करते.

या वंशावळीतून एक गोष्ट हाती लागते. तेलाने सूत जखडले गेले, मेणाने ते मोकळे ठेवले. मेण वाळत नाही, ते फक्त जाते, आणि पुन्हा लावता येते. भुई सारवतो तसेच हे आहे. सारवण उडाले म्हणून कुणी घर मोडीत काढत नाही. म्हणून मेणकापडाचे आयुष्य मेणावर मोजू नये, मेणाखालच्या सुतावर मोजावे.

पिशवी घेताना कापड उजेडाकडे धरा. विणीतून टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर मेण कितीही चोपडलेले असो, वीण विरळ आहे. दाट विणीचे सूत ओले झाले की फुगते आणि उरलेली भोके स्वतःच बुजवते. मग नखाने एक रेघ ओढा. पांढरा ओरखडा उठेल. त्यावर तळहात घासा. उबेने रेघ पुसट झाली तर मेण जिवंत आहे. तशीच राहिली तर मेण कमी झाले, पण सूत धड असेल तर काळजी नाही. शिवण उलटून पाहा, कारण पाणी आधी सुईच्या भोकातून शिरते. सुती दोरा भिजला की फुगून भोक भरतो. भारतीय मानकांतही कापडाचा शंकू करून त्यात पाणी भरून ठेवण्याची चाचणी आहे. घरी जुन्या कापडाचा द्रोण करून तीच करता येते. रात्रभर पाणी ठेवावे आणि सकाळी खाली बोट फिरवून पाहावे.

शेवटी घडी पाहा. कोपरे, पट्ट्याची मुळे, ताडपत्रीच्या रिंगा, सूत मरते ते इथे.

स्कॉटलंडच्या रिमझिमीसाठी जन्मलेल्या या कापडाचा जालन्यातला वैरी पाऊस नाही, ऊन आणि धूळ आहे. पॅराफिन साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास वितळते. इथे उन्हाळ्यात सावलीतच पारा ४० च्या वर जातो, मग ट्रकच्या तापलेल्या पत्र्यावर काय होत असेल! मेण पाझरते, त्यावर धूळ बसते आणि ती धूळ घडीत कानसेसारखे सूत कापते. त्यामुळे इथे आधी धूळ झटकावी, मग थंड पाण्याच्या फडक्याने पुसावे. साबण, गरम पाणी आणि धुलाई यंत्र यांनी मेण निघून जाते. ओलसर घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली तर बुरशी सूतच खाते.

मात्र तेच ऊन उपयोगीही पडते. थंड देशात मेण मुरवायला गरम हवेचे यंत्र लागते. आपल्याकडे वैशाखातल्या दुपारी कापड अंगणात पसरावे, गरम पाण्यात डबी ठेवून पातळ केलेले मेण फडक्याने पातळसर चोळावे आणि तासभर थांबावे. ऊन ते आपोआप सुतात उतरवते.

प्लॅस्टिकची ताडपत्री स्वस्त आणि हलकी आहे, शेतकऱ्याची गरज ती भागवते, हे मान्यच. पण काही उन्हाळ्यांत तिचा चुरा होतो आणि त्या चिंध्या रानात उडत राहतात. चुऱ्याला टाका घालता येत नाही. सुती ताडपत्री शिवणारा कारागीर मात्र दाभणात मेण लावलेला दोरा ओवतो, फाटक्या जागी जुन्याच ताडपत्रीचा तुकडा ठेवतो आणि कडा दुमडून टाके घालतो. त्या ठिगळाला धरून बसेल इतके धड सूत सभोवती उरले आहे का, एवढेच तो आधी अंगठ्याने ताणून बघतो. नवी पिशवी हातात घेताना आपणही तेच बघावे.