चकाकीच्या खाली : तेरियाकी सॅल्मनची गोष्ट

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आज स्वयंपाकघरात कसे शिरलो, असं तुमच्या मनात येईल. आधी तवा तापू द्या, उत्तर त्यातूनच निघेल.

सॅल्मनचा तुकडा कोरडा पुसायचा. तापलेल्या तव्यावर कातडीची बाजू खाली ठेवून ती कुरकुरीत होऊ द्यायची, मग उलटायचा. वर सोया सॉस, तांदळापासूनचं गोड मद्य म्हणजे मिरिन, आणि थोडी साखर. रस आटत जातो, दाट होतो आणि माशावर चकाकी चढते. जपानी भाषेत 'तेरी' म्हणजे चकाकी, 'याकी' म्हणजे भाजणं. म्हणून तेरियाकी. (मुंबईत रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण तो वेगळ्या कुळातला. आपण बोलतोय ते थंड पाण्यातल्या खऱ्या सॅल्मनबद्दल.)

हा गोड-खारट रस रुजला तो एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या वर्षांत. एदो म्हणजे आजचं टोकियो. जवळच्या नोदा आणि चोशी इथून तिथे सोया सॉस येई. तेरियाकी मुख्यतः बुरीसारख्या माशांची होई. सॅल्मन बहुधा खारवून खात. म्हणजे आजची ही थाळी एदोतल्या कुणी जशीच्या तशी खाल्ली असेल असं नव्हे. पण तिच्यातली साखर आणि तिच्यातला मासा, दोघांचेही जुने रस्ते आहेत. आपण दोन्ही रस्त्यांनी थोडं चालून बघू.

पहिला रस्ता दक्षिणेचा. १६०९ साली सात्सुमा संस्थानाने र्‍युक्यू राज्यावर स्वारी केली आणि आमामी बेटं आपल्या ताब्यात घेतली. तिथल्या शेतकऱ्यांवर ऊस लादला गेला. १८३०नंतर तर सगळी काळी साखर संस्थानालाच द्यायची, असा बंदोबस्त झाला. साखर ओसाकाच्या बाजारात जाई, पैसा सात्सुमाच्या तिजोरीत. ऊस पिकवणाऱ्याच्या हातात काय उरलं, ते सांगायला नकोच.

दुसरा रस्ता उत्तरेचा. आज ज्याला होक्काइदो म्हणतात ती आइनू लोकांची भूमी. सॅल्मनला ते 'कामुय चेप' म्हणतात, म्हणजे देवाचा मासा. त्यांच्याशी व्यापार करण्याचा मक्ता मात्सुमाए घराण्याकडे होता. त्या जाचाविरुद्ध १६६९ साली शाकुशाइनच्या नेतृत्वाखाली आइनू उठले, आणि हरले. १८६९ साली मेइजी सरकारने बेटाचं नाव बदलून होक्काइदो केलं. पुढच्या काही दशकांत नदीतला सॅल्मन धरणं आइनूंसाठी गुन्हा ठरला. ज्यांचा तो देवाचा मासा, तेच चोर!

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. आता जपानच्या दुकानात नॉर्वेचा आणि चिलीचा पाळीव सॅल्मन मिळतो. खरं आहे. पण २०१९च्या कायद्याने आइनूंना मूलनिवासी म्हणून मान्यता मिळाली, आणि पुढच्याच वर्षी उराहोरो गावच्या आइनू संघटनेने नदीत सॅल्मन धरण्याचा हक्क कोर्टात मागितला. २०२४ साली साप्पोरोच्या न्यायालयाने तो दावा फेटाळला. ओळख मिळाली, मासा नाही मिळाला.

आता सुरुवातीचं उत्तर. तत्त्वज्ञानाचं एक जुनं काम आहे, दिसतं त्याच्या खाली काय आहे ते विचारणं. याचा अर्थ जेवण सोडावं असा नाही. आम्हीही ते चवीने खातो. पण आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. या थाळीपुरतं, मंडळी, साखरेलाही जागावं लागेल, आणि माशालाही.