वाटीखालची कमाई

माल विकायला शहरात आलेल्या एका शेतकऱ्याला त्याचा मित्र नाटकगृहात नेतो. तिथलं बाकी सगळं तो विसरतो, एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. एका माणसाने तिपाई मांडली, तिच्यावर तीन छोट्या वाट्या पालथ्या घातल्या, खाली पांढरे गोल खडे ठेवले. खडे कधी एकेका वाटीखाली, कधी सगळे एकाच वाटीखाली, कधी कुठेच नाहीत. मग ते त्याच्या तोंडातून निघाले, जवळ उभ्या असलेल्यांच्या नाकाकानांतूनही निघाले. शेतकरी थक्क होतो, पण त्याचा निष्कर्ष व्यवहारी आहे: असला माणूस आपल्या शेतावर फिरकायला नको, घर धुऊन नेईल आणि पत्ताही लागणार नाही. अल्किफ्रॉन या ग्रीक लेखकाने साधारण 1,800 वर्षांपूर्वी रचलेल्या काल्पनिक पत्रांपैकी हे एक.

जादूच्या पुस्तकांत या खेळाचं वय याहून बरंच फुगवलेलं असतं. इजिप्तमध्ये बेनी हसनला चार हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात भिंतीवर चित्र आहे: समोरासमोर बसलेली दोन माणसं आणि मध्ये पालथी भांडी. हेच जगातले पहिले जादूगार, असं बिनदिक्कत छापतात. त्याच थडग्यात कुस्तीचे डाव रंगवले आहेत, तेव्हा हाही एखादा साधा ओळखाओळखीचा खेळ असेल. ते भाकरी भाजतायत असं म्हणणारेही आहेत. वंशावळ लांबवायची हौस आपल्याकडच्या घराण्यांनाच असते असं नाही.

रोममध्ये मात्र पाय जमिनीवर टेकतात. पहिल्या शतकात सेनेकाने एका पत्रात शाब्दिक कसरती करणाऱ्या तत्त्वज्ञांना झोडपताना या वाट्या-खड्यांचा दाखला दिला. त्याचं म्हणणं, फसण्यातच इथे गंमत आहे; युक्ती कळली की गोडी संपली. माणूस शहाणा, पण इथे चुकला. युक्ती कळून चारशे वर्षं उलटली, खेळ अजून चालू आहे.

1584 मध्ये रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थाने चेटकिणी ठरवून बायकांना फासावर देण्याविरुद्ध एक जाडजूड ग्रंथ लिहिला. ज्याला लोक सैतानी करणी समजतात ती नुसती हातचलाखी असते, हे पटवायला त्याने जादूगारांची गुपितं सविस्तर मांडली, त्यांत गोळ्यांची हातचलाखीही होती. 1634 मध्ये ‘होकस पोकस ज्युनियर’ या पुस्तिकेने तर हात कसा धरायचा याची चित्रंच दिली. गुपित म्हणावं तर एवढंच: प्रेक्षक तीन गोळ्या मोजतो आणि खेळ चौथीवर चालतो. ती बोटांच्या मुळाशी दडलेली असते. वाटी उचलून दुसरीकडे ठेवताना ती आत सरकते, आणि ‘रिकाम्या’ वाटीखाली गोळी आधीच बसलेली असते. जादूगार बोलत असतो तेव्हा काम उरकलेलं असतं.

मग टिकलं काय? माझ्या मते पैसे मागण्याची सोय. या खेळाला पडदा नको, मंच नको, दिवे नकोत. सगळं सामान एका पिशवीत मावतं, आणि चार माणसं थांबली की बाजार सुरू. गर्दी जमते तिथे चोरही येतो, हे बॉशच्या नावावर असलेल्या, 1500 च्या सुमारासच्या ‘जादूगार’ या चित्रात दिसतं. वाट्यांवर ओणव्या झालेल्या माणसाच्या कंबरेची थैली मागचा एक जण आभाळाकडे बघत काढून घेतोय. जादूगाराचा त्यात वाटा आहे की नाही, हे चित्रकार सांगत नाही. हे चित्र पॅरिसजवळच्या सँ-जर्मां-आँ-लेच्या संग्रहालयातून 1978 मध्ये खरोखरच चोरीला गेलं आणि पुढच्या वर्षी सापडलं.

या खेळाची एक बदनाम भावकीही आहे: वाट्यांऐवजी तीन अंगुस्ताने, गोळीऐवजी वाटाणा, आणि ‘कशाखाली आहे, लावा पैसे’. विल्यम फ्रिथने 1858 च्या ‘डर्बी डे’ या चित्रात घोड्यांच्या शर्यतीच्या गर्दीत असा ठग बसवला आहे. दोघांची हातचलाखी जवळपास सारखीच. फरक एवढाच की एक जण फसवीन असं सांगून फसवतो.

प्रामाणिक बाजूने मात्र शेवट मोठा होत गेला. नुसत्या गोळ्या येत-जात राहिल्या तर खेळ संपला कुठे, हे प्रेक्षकाला कळत नाही आणि पाकिटाकडे हात जात नाही. म्हणून वाट्यांखालून सफरचंदं, लिंबं, बटाटे निघू लागले. मुंबईहून विलायतेला निघालेल्या बोटी पोर्ट सैदला थांबत, तेव्हा ‘गली गली’ म्हणत डेकवर चढणारे इजिप्शियन जादूगार जिवंत कोंबडीची पिल्लं काढत. कॅनडात जन्मलेल्या डाय व्हर्ननने (1894–1992) तीन मोठ्या लिंबूफळांवर शेवट केला. 1957 मध्ये छापलेला त्याचा क्रम आजही नवशिके घोकतात. पाश्चात्त्य रस्त्यावर आज टोपीखालून खरबूज निघतं आणि तीच टोपी लगेच पैशांसाठी फिरते. 1634 च्या पुस्तिकेपेक्षा ही मला जास्त हुशारीची गोष्ट वाटते.

आपल्या गारुड्याची पद्धत निराळी. त्याच्या वाट्या बहुधा लाकडी, उथळ, वर बोटांत धरायला मूठ, गोळ्या कापडाच्या. तो जमिनीवर मांडी घालून बसतो, प्रेक्षक चहूबाजूंनी आणि वरून बघतात. उथळ वाटीत खरबूज मावणार नाही, म्हणून सारा भर बोटांवर आणि जिभेवर. ‘बच्चेलोग, ताली बजाव’पासून जमुऱ्याशी चाललेल्या सवालजवाबापर्यंत सगळं नजर हलवण्यासाठी. आणि पैसे तो शेवटच्या चमत्काराच्या आधी मागतो, कारण नंतर कोण थांबणार? हीच कला घेऊन रामो सामी हा दाक्षिणात्य जादूगार 19व्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या रंगमंचांवर पोचला. तलवार गिळणं, चेंडू झेलणं यांच्या जोडीला वाट्या-गोळ्या होत्याच. नाव गाजलं, पण 1850 मध्ये तो वारला तेव्हा अंत्यविधीसाठी बायकोला लोकांपुढे हात पसरावा लागला.

अमेरिकेत पेन आणि टेलर या जोडीने पारदर्शक प्लास्टिकचे पेले घेऊन हा खेळ केला. गोळी आत जाताना स्वच्छ दिसते, तरी हातांचा वेग असा की माग ठेवता येत नाही. त्यासाठी लोक तिकीट काढतात. आपल्याकडे 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंध अधिनियमाने भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्यकथन आणि खेळ करून दाखवणं ही ‘निमित्तं’ही घातली. पोलिसांनी वॉरंटशिवाय धरावं आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं निवारागृहात ठेवावं, अशी त्यात तरतूद. हाच कायदा दिल्लीला लागू झाला, जिथल्या कठपुतली कॉलनीत जादूगारांची अनेक कुटुंबं राहत. 2018 च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. निकाल दिल्लीपुरता होता.