ज्वारी, पऱ्हाटी आणि बाळाची वाटी

बाळाला सहा महिने उलटून गेलेत, ते अंगावर पितंय, हसतंय, खेळतंय, पण महिनाभरात वजन काही हललेलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या अंगणवाडीत अशा आईला सांगितलं जातं: वरचं खाणं वाढवा, डाळ घट्ट करा, वर तेलाची धार सोडा, दाण्याचं कूट घाला, भाजी घाला, चालत असेल तर अंडं द्या. सल्ला बरोबर आहे. पण त्यामागे एक समजूत दडलेली असते, की या आईला बाळाला काय भरवावं हे ठाऊक नाही आणि ते तिला शिकवलं की काम झालं. ही समजूत मला चुकीची वाटते. जी यादी तिला आज वाचून दाखवली जाते, त्यातले बहुतेक जिन्नस दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी याच अरुणावती आणि धावंडा नद्यांच्या काठच्या काळ्या जमिनीत पिकत होते, आणि त्यासाठी कुणाला बाजारात जावं लागत नव्हतं. बाळाच्या वाटीतून ते गेले, कारण आधी ते वावरातून गेले, मग मजुरीतून गेले, आणि सरतेशेवटी ते शिजवायला आईच्या दिवसात वेळही उरला नाही. हा क्रम उलगडला नाही, तर वजन न वाढणाऱ्या लेकराचा दोष आपण कायम आईच्याच माथी मारत राहू.

जुन्या वऱ्हाडाचं मुख्य अन्न ज्वारी. कपाशी तेव्हाही होती, पण ज्वारीच्या पाळीने, ज्वारीच्या जोडीने. ज्वारीच्या तासांमध्ये तूर, मूग, उडीद, बरबटी. धुऱ्याला अंबाडी, कुठे तीळ. रब्बीत गहू, हरभरा, जवस, करडी. एकाच घरच्या जमिनीत धान्य, डाळ आणि तेल तिन्ही निघत. ज्वारी पेवात उतरायची आणि बऱ्या वर्षाचं धान्य वाईट वर्षाला कामी यायचं. तीळ-जवस गावच्या घाणीवर जायचे. सहाव्या-आठव्या महिन्यात उष्टावण व्हायचं, मामाच्या हातून खिरीचा पहिला घास पडायचा, आणि पुढे बाळाच्या तोंडी जायचं ते घरच्याच चुलीवरचं: ज्वारीच्या मऊ कण्या, आंबील, वरणात कुस्करलेली भाकर, वर तेलाची किंवा तुपाची धार. उष्टावणाचा मुहूर्त हा केवळ धार्मिक हट्ट नव्हता. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळं आणि अन्न त्यानंतर, असा क्रम आहे. सुश्रुतही सहाव्या महिन्यात हलकं, हितकर अन्न द्यायला सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने निव्वळ स्तनपान आणि मग पूरक आहार ही शिफारस जगासाठी केली ती २००१ मध्ये.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर या काळ्या मातीवर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, त्याच सुमारास वऱ्हाड आणि मध्य प्रांतासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. सरकारला कापूस हवा होता, सावकाराला रोकड पीक हवं होतं आणि सारा रोखीने भरायचा असल्यामुळे शेतकऱ्याचाही इलाज नव्हता. वणी जिल्हा म्हणून तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या आणि १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळालेल्या या मुलखात दिग्रस दारव्हा तालुक्यातलं बाजाराचं गाव होतं. कापसाच्या व्यापाराने ते वाढलं आणि जिनांचं गाव झालं. पऱ्हाटीने, म्हणजे कपाशीने, ज्वारीची पाळी मोडली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळलं तेव्हा रेल्वे होती, व्यापाऱ्यांकडे धान्य होतं, नव्हतं ते मजुराच्या हातात पैसा. दुष्काळ ओसरला, तरी धान्य बाजारातून विकत आणायचं ही सवय राहिलीच.

यात एक बदल इतिहासाच्या पुस्तकांत फारसा दिसत नाही, आणि बाळाच्या वाटीच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे. ज्वारीची सवंगणी, मूग-उडदाची तोडणी, हरभऱ्याची सोंगणी या कामांची मजुरी धान्यात मिळायची. बाई संध्याकाळी घरी यायची ती पदरात कणसं किंवा दाणे घेऊन, आणि त्याचं काय करायचं हे बहुधा तीच ठरवायची. कापूस वेचणीची मजुरी रोखीने, वजनावर मिळते. कापूस शिजवून कुणाला भरवता येत नाही. रोख पैसा घरात येतो तेव्हा त्यावर किराणा दुकानाची उधारी, औषध, दारू, साऱ्यांचा हक्क आधी लागतो. धान्याच्या मजुरीतून रोख मजुरीकडे आलो त्याला आपण प्रगती म्हणतो, आणि अनेक अर्थांनी ती आहेही. वेठ आणि बलुत्याची बंधनं त्याने सैल केली. पण वर्षाच्या आतलं लेकरू ज्या घरात आहे, त्या घरातली डाळ त्या बदलात विकतची झाली.

वेळेचंही तसंच. वेचणी कार्तिकात सुरू होते आणि महिनोन्‌महिने चालते. पहाटे गेलेली आई अंधार पडता परतते. बाळ आजीपाशी किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीपाशी. सहा महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा आणि नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा भरवावं लागतं, तेही रेंगाळत, पुसत, पुन्हा घास करत. हे काम बहिणीला झेपणारं नाही. कामकरी बाईने मूल शांत ठेवायला काय केलं याचा पुरावा मुंबईच्या गिरण्यांतून मिळतो. तिथल्या कामगार स्त्रियांच्या बाळांना अफू दिली जात असल्याचं १९२०च्या दशकात डॉक्टर बार्न्स यांनी नोंदवलं, आणि त्यांना आढळलेलं प्रमाण जवळपास सगळ्याच बाळांचं होतं. बाळागोळी या गोड नावाने ती दुकानात मिळायची. अफूने बाळ झोपतं, भूक मरते, पोट साफ होत नाही, आणि वजन जिथल्या तिथे थांबतं. ती आई निष्ठुर नव्हती. दिवसभराची पाळी आणि पाळण्यातलं मूल यांचा मेळ घालायला तिच्या हाती दुसरं काहीच नव्हतं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. जुन्या काळाचं हे चित्र फार गोंडस नाही का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या हजार बाळांतली दोनशेहून अधिक वर्षाच्या आत दगावत होती. आईचा पहिला चीक टाकून दिला जाई. बाळाला जड होईल म्हणून वरणाच्या वरचं निव्वळ पाणी भरवण्याची रीत होती आणि अजून आहे. ज्वारीवरच जगणाऱ्यांनाही धोका होता. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दाखवलं, की दख्खनमध्ये ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळतो आणि त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जास्त प्रमाणाशी असू शकतो. हे सारं खरं आहे आणि ते झाकण्याचं कारण नाही. आजीचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण हा पुरावा नीट वाचला तर तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. पेलाग्रा व्हायचा तो निव्वळ ज्वारी खाणाऱ्याला, म्हणजे ज्याच्या ताटातून तूर, मूग, भाजी, दूध गेलं त्याला. वरणाचं पाणी वाटीत उरतं ते डाळ महाग झाली तेव्हा. आणि बालमृत्यू घटले ते लशींनी, स्वच्छ पाण्याने, दवाखान्यांनी, जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पाण्याने. त्यासाठी मिश्रपीक सोडण्याची गरज नव्हती.

विज्ञानानेही या प्रवासात एक लांब वळसा घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन-तीन दशकं जगभर मानलं गेलं, की गरीब देशांतल्या मुलांना प्रथिनं कमी पडतात. त्यातून ग्वाटेमालात इन्कापरिनासारखं पीठ निघालं, आपल्याकडे बाल-आहार निघाला, आणि डब्यातलं दूध म्हणजेच बाळसं ही कल्पना शहरापासून तालुक्यापर्यंत पसरली. या समजुतीला ठामपणे विरोध केला तो एका मराठी माणसाने. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. भारतातल्या आहाराचे आकडे मांडून त्यांनी दाखवलं, की पुरेसं अन्न पोटात गेलं तर डाळ-धान्याच्या साध्या आहारातूनही प्रथिनांची गरज बहुतांशी भागते. अडचण आहे ती एकूण अन्नच कमी पडण्याची. १९७४ मध्ये पोषणतज्ज्ञ मॅक्लॅरेन यांनी लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात या साऱ्या प्रथिन-मोहिमेला फसगत म्हटलं, त्याआधीच सुखात्म्यांची मांडणी झालेली होती.

बाळाच्या बाबतीत याचा अर्थ वाटीत दिसतो. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि पुढे दोन वर्षांपर्यंत ५५०. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी मावतं जेमतेम एक मोठी वाटी. ती वाटी वरणाच्या पाण्याने भरली तर पोट भरतं, बाळ तोंड फिरवतं आणि आईला वाटतं, जेवलं. त्याच वाटीत घट्ट वरण आणि पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, तेल पडलं तर नुसत्या तेलानेच ४५ किलोकॅलरी वाढतात. पण घट्ट केलं की बाळाला गिळवत नाही. पिठाची पेज निवली की तिचा गोळा होतो. या कोंडीवर स्वयंपाकघरात उपाय होताच, तो म्हणजे मोड आणणं. धान्य रात्रभर भिजवून फडक्यात बांधायचं, मोड आले की सावलीत वाळवायचं, चोळून कोंब काढून टाकायचे, भाजायचं, दळायचं, वस्त्रगाळ करायचं. मोडात जागं झालेलं अमायलेज हे विकर पिठातल्या पिष्टाला तोडतं, आणि अशा पिठाचा एखादा चमचा गरम, घट्ट पेजेत ढवळला की ती डोळ्यांदेखत सैल होते, पाण्याचा थेंबही न घालता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात यावर काम केलं. मोड आणायला गहू उत्तम. ज्वारीचे मोड वापरायचे तर कोंब आणि मुळं काढून टाकणं सक्तीचं, कारण त्यांत विषारी सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. चोळून कोंब काढण्याची पायरी निव्वळ टापटिपीची नव्हती.

घरच्या जिन्नसांनी वजन खरंच वाढतं का, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डहाणू तालुक्यातल्या कासा इथे १९७०च्या दशकात डॉ. पी. एम. शाह यांनी कुपोषित मुलांवर दवाखान्यात न हलवता घरीच उपचार करण्याचा प्रकल्प चालवला. गावातल्याच अर्धवेळ कार्यकर्त्या घरोघर जाऊन वजन करायच्या आणि घरात जे आहे त्यातूनच बाळाचं खाणं वाढवून घ्यायच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भाजलेला गहू ४० ग्रॅम, हरभरा डाळ १६, शेंगदाणे १० आणि गूळ २० असं मिश्रण सुचवलं. त्यातून ३३० किलोकॅलरी आणि ११ ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं मिळतात. गूळ आज लहान बाळासाठी टाळायला सांगतात, पण गहू, हरभरा, भुईमूग हे तिन्ही जिन्नस दिग्रसच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात.

मग अंगणवाडीतून घरी न्यायची तयार आहाराची पाकिटं कशाला आली? २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या उभ्या राहिल्या. ती या देशाने लहान मुलांसाठी केलेल्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक आहे. पुढे मात्र घरी नेण्याचा आहार कारखान्यात तयार होऊन येऊ लागला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोषण आहाराच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत असा आदेश दिला, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या या आहाराच्या निविदा रद्दही केल्या. पाकिटाच्या बाजूने म्हटलं जातं की त्यात प्रमाण पक्कं असतं, जीवनसत्त्वं मिसळलेली असतात, आईचा वेळ वाचतो. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण वेळ हीच इथली जुनी टंचाई आहे. पण हेच पीठ तालुक्याच्या गिरणीवर दळलं गेलं तर आईचा वेळ तितकाच वाचतो, आणि मूग-तुरीला गावातच गिऱ्हाईक मिळतं.

कारण वावरातली घसरण थांबलेली नाही. रेशनच्या गहू-तांदळाने ज्वारीची भाकर मागे सारली, नव्वदच्या दशकापासून सोयाबीनने मूग-उडदाची जागा घेतली, आणि ते सोयाबीन तेल गाळायला जातं, पेंड जनावरांच्या खाद्याला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. मधल्या चार-पाच वर्षांत ते हललं नाही. पाचव्या फेरीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी सुमारे ११ टक्के होती.

वजन अडलं की आधी बाळाला डॉक्टरांना दाखवावं, कारण क्षय, लघवीचा संसर्ग किंवा वारंवारचे जुलाब असे आजारही वाढ रोखतात. वर्षाच्या आत मध देऊ नये, शेंगदाणा अख्खा कधीच देऊ नये, स्तनपान चालू ठेवावं. पण तपासण्यांत काही आढळलं नाही तर पुढचं उत्तर आईला शिकवण्यात शोधू नका. दिग्रस तालुक्यातल्या ग्रामसभांनी आणि बचत गटांनी मागावं ते एवढंच: अंगणवाडीचं पीठ इथल्या ज्वारी, गहू, मूग, तूर आणि भुईमुगाचं असावं, इथेच दळलेलं असावं, आणि वेचणीच्या हंगामात अंगणवाडी आई परत येईपर्यंत उघडी राहावी.