तारेवरून धमनीत

आपण जांघेत बोटे टेकवली तर पायाकडे जाणाऱ्या धमनीचे ठोके लागतात. एवढी रुंद धमनी त्वचेच्या इतकी जवळ क्वचितच सापडते. पण तिच्यात नळी घालायची कशी? एक तर नळीहून जाड सुई टोचायची, नाही तर धमनी कापून उघडी करायची.

1953 साली स्टॉकहोमच्या सेल्डिंगर या तरुण क्ष-किरणतज्ज्ञाने क्रमच बदलला. आधी बारीक सुई टोचायची, तिच्यातून लवचीक तार आत सरकवायची, सुई काढायची आणि तारेवरून नळी ओवायची. शेवटी तार काढून घ्यायची. छिद्र नळीएवढेच! इतकी साधी युक्ती आधी कोणी रूढ कशी केली नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

ही वाट होती तपासणीची. चार्ल्स डॉटर यांनी ती उपचारासाठी वापरली. 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे त्यांच्यापुढे 82 वर्षांच्या एक बाई होत्या. मांडीतील धमनी अरुंद होऊन पाऊल सडू लागले होते. पाय कापण्याचा सल्ला मिळाला होता; बाई तयार नव्हत्या. डॉटरनी तार जांघेतून वर न नेता खाली पायाकडे नेली आणि तिच्यावरून आधी बारीक, मग जाड नळी अरुंद जागेतून सरकवली. काही मिनिटांतच पाऊल गरम झाले. त्या बाई पुढे अखेरपर्यंत स्वतःच्या पायांवर चालल्या.

अडचण एकच उरली. जाड नळीला जांघेतही तेवढेच मोठे छिद्र लागे. 1974 साली झुरिचमध्ये ग्रुन्टझिग यांनी नळीला घडी घातलेला फुगा बसवला. तो बारीक छिद्रातून आत जाई आणि अरुंद जागी पोचल्यावरच फुगे.